डॉक्टरांचं संख्याशास्त्र शेजारच्या विद्यापीठात आहे

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी १० सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. या महाविद्यालयांबद्दल बोललं जातं ते प्रवेशाच्या जागा, इमारती, रुग्णालयातल्या खाटा आणि प्राध्यापकांची रिकामी पदं यांविषयी. या काळज्या रास्तच आहेत. पण आणखी काही वर्षांनी तिथे एमडी-एमएसचे अभ्यासक्रम सुरू होतील, प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावा लागेल आणि प्रत्येक प्रबंधात आकडे असतील. ते आकडे कसे जमवायचे आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, हे त्या मुलामुलींना कोण शिकवणार? हा प्रश्न मला खाटांच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उत्तरासाठी दिल्लीला किंवा लंडनला जायची गरज नाही. संख्याशास्त्र शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि चांगली आहेत. ती दुसऱ्या विद्यापीठात आहेत, एवढंच. जैवसंख्याशास्त्राचं, म्हणजे कॉलेजात ज्याला सगळे नुसतं ‘बायोस्टॅट’ म्हणतात त्याचं, शिक्षण एकेका वैद्यकीय महाविद्यालयाच्या बळावर उभं राहणार नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि सर्वसाधारण विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग यांनी ते मिळून चालवलं पाहिजे. पगार, तास, पदवी आणि श्रेय या चारही गोष्टी त्यात मिळून याव्यात.

सध्या काय चालतं ते आधी पाहू. एमडीला लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यावा लागतो. त्यात ‘सॅम्पल साइज’चा, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याचा, एक रकाना असतो आणि त्या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच सूत्र उतरत आलं आहे: फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर. एखाद्या वस्तीत किती टक्के लोकांना मधुमेह आहे याचा अंदाज काढायचा असेल, तर हे सूत्र ठीक आहे. दोन औषधांची तुलना करायची असेल तर ते चालत नाही, कारण त्यात तुलनाच नाही. तरीही तुलनेच्या प्रबंधांत ते दिसतं, कारण सीनियरच्या प्रबंधात होतं. पुढची दोन वर्षं वॉर्ड, इमर्जन्सी आणि ओपीडी सांभाळत विद्यार्थी एक्सेलमध्ये मास्टर चार्ट भरतो. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली की तो चार्ट पेनड्राइव्हवर घेऊन कुणा संख्याशास्त्रज्ञाकडे येतो आणि म्हणतो, “सर, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.” पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही केवळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.

असे चार्ट माझ्याकडेही येतात. आणणारी मुलं हुशार असतात, प्रामाणिक असतात आणि दमलेली असतात. त्यांतल्या एका प्रकारच्या चार्टबद्दल सविस्तर सांगतो. गुडघेदुखीवर सांध्यात एक इंजेक्शन देऊन फरक पडतो का, हे पाहायचं आहे. समजा रुग्ण ४० आहेत. त्यांतल्या २५ जणांच्या दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शन दिलं. मास्टर चार्टमध्ये ६५ ओळी झाल्या आणि पुढची सगळी गणितं ६५ हा आकडा धरून होतात. पण डावा आणि उजवा गुडघा एकाच माणसाचे आहेत. त्या माणसाचं वजन तेच, वय तेच, रोजचे जिने तेच आणि दुखणं सांगण्याची तऱ्हाही तीच. डाव्या गुडघ्याचा गुण कळला की उजव्याचा निम्मा कळल्यासारखाच असतो. म्हणून ६५ गुडघ्यांत ६५ स्वतंत्र माणसांइतकी माहिती नसते. ती असल्याचं मानलं की अंदाज वाजवीपेक्षा नेमका दिसू लागतो, पी व्हॅल्यू लहान येते आणि नसलेला गुण कागदावर उमटण्याची शक्यता वाढते. यावर उपाय आहे, अवघडही नाही. पण तो चार्ट भरायच्या आधी सुचावा लागतो. दोन वर्षांनी पेनड्राइव्हमधून तो काढता येत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या संख्याशास्त्राच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला क्रामर-राव असमता, म्हणजे अंदाज जास्तीत जास्त किती नेमका असू शकतो हे सांगणारं प्रमेय, फळ्यावर सिद्ध करता येते. त्यानं केसपेपर मात्र कधी पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर रुग्णांच्या वयाचा स्तंभ ठेवला आणि त्यात ४०, ४५, ५०, ६० हेच आकडे पुन्हा पुन्हा आले, तर तो वितरणाचं नाव शोधू लागतो. सकाळच्या ओपीडीत एक तास बसला असता तर त्याला दिसलं असतं की आजी म्हणतात, “असेल पन्नास-साठ,” आणि रांग मोठी असल्यामुळे लिहिणारा त्यातला एक आकडा घेऊन पुढे जातो. रक्तदाबाचंही तसंच. १२०/८०, १३०/९०, १४०/९० अशा शून्यावर संपणाऱ्या नोंदींचा ढीग पडतो, कारण पारा उतरताना जवळचा गोल आकडा धरायची हाताला सवय असते. १४० च्या रेषेवर उपचार सुरू करायचे की नाही हे ठरत असेल, तर ही सवय निष्कर्ष बदलू शकते. पाठ्यपुस्तकातलं संख्याशास्त्र आणि रुग्णालयातलं संख्याशास्त्र यांतलं हे अंतर व्याख्यानांनी मिटत नाही. दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसावी लागतात.

ती का बसत नाहीत? एक कारण आपणच कायद्यानं निर्माण केलेलं आहे. १९९८ पूर्वी राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्या त्या भागातल्या विद्यापीठाला, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशा विद्यापीठांना, संलग्न होती. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि ती सगळी तिकडे गेली. राज्यभर एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा असावी, यासाठी ते आवश्यकच होतं. पण त्या दिवशी संख्याशास्त्र विभाग एका विद्यापीठात राहिले आणि ज्यांना संख्याशास्त्राची गरज होती ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. एकाच छताखाली होते तेव्हा दोघांचं फार सख्य होतं, असा दावा मी करणार नाही. तरी तेव्हा एकाच कुलगुरूच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे कागद जात. आज एका प्राध्यापकाला आठवड्यातून एक दिवस मेडिकल कॉलेजात पाठवायचं म्हटलं, तरी फाइल उच्च व तंत्रशिक्षण विभागातून निघते आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या दाराशी थांबते.

वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञाचं पद असतं, ही गोष्ट खरी. पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या, विभागात एक माणूस असतो. एमबीबीएसच्या मुलांना मीन, मीडियन, काय-स्क्वेअर शिकवायचं, सगळ्या विभागांचे प्रबंध पाहायचे आणि इन्स्पेक्शन आलं की तक्तेही भरायचे, हे सगळं त्याच्याकडे. बोलायला बरोबरीचा एकही सहकारी नाही. सर्वायव्हल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे रुग्ण किती काळ जगला अशा कालावधीच्या विश्लेषणात, अडलं तर विचारणार कुणाला? आजूबाजूला सगळे एमडी, त्यामुळे बढतीची वाट बहुतेक ठिकाणी अरुंद. चांगला विद्यार्थी ही नोकरी का घेईल? तो पुण्या-मुंबईच्या क्लिनिकल रिसर्च कंपनीत जातो आणि अमेरिकेत मंजुरीसाठी जाणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचे तक्ते तयार करतो. त्यात त्याची काहीच चूक नाही. पण आपल्या विद्यापीठांतून शिकलेली मुलं जगातल्या औषध कंपन्यांना बायोस्टॅट पुरवतात आणि ससूनमधल्या किंवा घाटीतल्या निवासी डॉक्टरला मात्र वेळेवर सल्ला देणारं कुणी मिळत नाही, हे मला अस्वस्थ करतं.

हे दुबळेपण आपल्या इतिहासाला शोभत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, परतून कलकत्त्याच्या आरोग्यशास्त्र संस्थेत आणि मग कृषी संशोधन परिषदेत काम केलं आणि १९५१ पासून जवळपास दोन दशकं रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम सांभाळलं. निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर त्यांनी दारिद्र्यरेषेवरच प्रश्न उभा केला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबी मोजताना माणशी रोज २,२५० उष्मांक हा आधार घेतला होता. सुखात्मे म्हणाले, हा आकडा सरासरीचा आहे. एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलतं, आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेतं. मग सरासरीच्या खाली दिसणाऱ्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणायचं? दांडेकरांना हे मान्य नव्हतं. अशा युक्तिवादातून गरिबांची भूक कागदावर लहान होते, असा धोका त्यांच्या बाजूच्या अनेकांना दिसत होता. हा वाद वर्षानुवर्षं चालला. मला स्वतःला सुखात्म्यांच्या धोरणात्मक निष्कर्षाबद्दल शंका आहेत. पण एक संख्याशास्त्रज्ञ शरीरशास्त्रात खोल उतरलेला आहे, एक अर्थशास्त्रज्ञ प्रमाण विचलनावरून त्याच्याशी दोन हात करतो आहे आणि देशाचं अन्नधोरण त्यांच्या मधोमध ठेवलेलं आहे, असं दृश्य पुण्यानं पाहिलेलं आहे. त्याच पुण्यात १९५३ मध्ये, केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून आलेल्या वसंत शंकर हुजूरबाजारांनी विद्यापीठाचा गणित व संख्याशास्त्र विभाग उभारायला सुरुवात केली.

भागीदारीतून प्रशिक्षण उभं राहतं, हेही आपल्याला नवं नाही. १९५६ मध्ये मुंबईत लोकसंख्याशास्त्राचं एक प्रशिक्षण केंद्र निघालं. त्यामागे सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ असे तिघे होते. तीच आजची देवनारची आयआयपीएस. आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी तिथे शिकायला येतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं आणि बायोस्टॅटिस्टिक्स व डेमोग्राफीची एमएस्सीही तिथे आहे. त्याच वर्षी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून क्षयरोगाचं केंद्र सुरू केलं. प्रश्न साधा होता. सॅनेटोरियममध्ये खाटा अपुऱ्या आहेत, तर क्षयरोग्याला घरी ठेवून औषध दिलं तर चालेल का? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेनं काही रुग्ण घरी ठेवले, काही सॅनेटोरियममध्ये. घरच्यांना दाटीवाटीची वस्ती आणि कमी अन्न, सॅनेटोरियमवाल्यांना विश्रांती आणि चांगला आहार. १९५९ मध्ये निष्कर्ष छापला गेला: घरचा उपचार जवळपास तितकाच गुणकारी ठरला आणि घरातल्या इतरांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. जगभरचं क्षयरोगाचं धोरण या चाचणीनं बदललं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: चिठ्ठ्यांची पद्धत, रुग्ण सोडून गेला तर त्याची गणना कशी करायची, एक्स-रे वाचणाऱ्याला रुग्णाचा गट कळू नये यासाठी काय करायचं, हे सगळं पहिला रुग्ण दाखल होण्याआधी ठरवावं लागतं. ते ठरवताना डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ सोबत असावे लागतात. त्या केंद्रात असं काम करता करता भारतीय संख्याशास्त्रज्ञांची एक फळी तयार झाली. वर्ग भरवून ती झाली नसती.

बाहेर काय घडलं तेही पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात एकाही विद्यापीठाकडे बायोस्टॅटची पूर्ण पदव्युत्तर पदवी चालवण्याइतके शिक्षक नव्हते. २००१ पासून तिथल्या सिडनी, मोनॅश, क्वीन्सलंड, ॲडलेड अशा विद्यापीठांनी एकत्र येऊन एक अभ्यासक्रम वाटून घेतला. एक विषय एक विद्यापीठ शिकवतं, दुसरा दुसरं. विद्यार्थी मात्र प्रवेश आपल्या विद्यापीठात घेतो, दूरस्थ पद्धतीनं सगळ्यांकडून शिकतो आणि पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळवतो. म्हणजे कुणालाही आपला विद्यार्थी, आपली फी किंवा आपलं नाव गमवावं लागलं नाही. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते, कारण विद्यापीठांची भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

आफ्रिकेतलं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत एचआयव्ही आणि हिवतापावर प्रचंड संशोधन होतं. पण बराच काळ नमुने आणि आकडे तिथले असत आणि विश्लेषण लंडनला किंवा बोस्टनला होई. स्थानिक संशोधकाचं नाव लेखकांच्या यादीत मध्ये कुठेतरी येई. तिथली हुशार मुलं पीएचडीला बाहेर जात आणि बरीचशी तिकडेच राहत. २०१६ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या पुढाकारानं आणि वेलकम ट्रस्टसारख्यांच्या पैशातून तिथल्या अनेक देशांच्या विद्यापीठांनी बायोस्टॅट प्रशिक्षणासाठी एक संघ बांधला. ज्यांच्याकडे अभ्यासक्रम आधीपासून होता त्यांनी नसलेल्यांना तो सुरू करायला हात दिला. विद्यापीठांच्या जोडीला संशोधन संस्थाही घेतल्या, कारण खरा डेटा त्यांच्याकडे असतो. विद्यार्थ्यांना आफ्रिकेतच शिकता यावं, हा त्यामागचा आग्रह. या साखळीशी आपलाही एक धागा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरनं २००२ पासून वढूच्या परिसरातल्या २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सतत नोंद ठेवली आहे. ‘इंडेप्थ’ नावाच्या ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात विटवॉटर्सरँडचं अगिनकोर्ट हे नोंदणी क्षेत्र होतं, त्याच जाळ्यात वढूही होतं.

त्याच केईएममध्ये १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदम्प्टनचे संशोधक यांनी पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. आपली बाळं वजनाला लहान, पण त्या मानानं चरबी जास्त, आणि म्हणून पुढे मधुमेहाचा धोका, ही कल्पना त्या कामातून जगापुढे आली. परदेशी भागीदारी वाईट नसते, हे सांगायला मी हेच उदाहरण देईन. इथल्या माणसानं इथला प्रश्न विचारला आणि तो दशकानुदशकं धरून ठेवला, म्हणून ती फळली. पण दूरच्या दात्यावर सगळा भार ठेवणं धोक्याचं आहे, हे २०२५ नं दाखवून दिलं. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेनं जगभरच्या आरोग्य सर्वेक्षणांना आधार देणारा आपला डीएचएस कार्यक्रम थांबवला. मे महिन्यात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी भागीदारांना उप-अनुदान द्यायची चालू पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. अनेक देशांतल्या संशोधकांच्या पायाखालची जमीन त्यामुळे सरकली. भागीदाराचं विद्यापीठ एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर असेल आणि पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून येत असेल, तर निदान हा धक्का बसत नाही.

आपल्याकडे अशा जोड्या जुळलेल्याच आहेत, फक्त कुणी त्यांच्याकडे त्या नजरेनं पाहत नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे आणि त्याच शहरात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे आणि शासकीय मेडिकल कॉलेजही आहे. पुण्यात तर काहीच कमी नाही.

गडचिरोलीचा विचार मला सगळ्यांत जास्त करावासा वाटतो. तिथे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आता वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे आणि शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ आहे. बंग दांपत्य जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि गडचिरोलीत बसून मोजायला लागलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. वर सांगितलेली गुडघ्यांची गोष्ट इथे मोठ्या रूपात येते. एका गावातल्या बाळांची सुईण एक, पाणी एक, पावसाळ्यात बंद होणारा रस्ता एक. म्हणून असा अभ्यास आखताना गाव हे एकक मानावं लागतं आणि बाळं हजारांत असली तरी खरी मोजदाद गावांची असते. जिल्ह्यात असं काम झालेलं असताना तिथल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातल्या अमेरिकन उदाहरणावरून का शिकावं लागावं? आणि तिथल्या एमडीच्या विद्यार्थ्यानं नागपूरला कुणाच्या ओळखीनं चार्ट का पाठवावा?

संकट आलं की भिंती पडतात, हे २०२० मध्ये दिसलं. जुलैत मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत केलेल्या पाहणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं आढळली. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर ही विज्ञान संस्था, फरीदाबादची टीएचएसटीआय ही आरोग्य संशोधन संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी ५ प्रभागांतल्या १,६६४ जणांचे नमुने तपासले. आकडा आला ५१.५ टक्के. लोकांनी हे आकडे वाचले आणि विसरले. पण घरं कशी निवडायची, नकार देणाऱ्यांचं काय करायचं, चाचणी स्वतः किती चुकते याचा हिशोब कसा घालायचा, हे काही आठवड्यांत उभं करणाऱ्या संस्था वेगवेगळ्या होत्या आणि तरी त्या एकत्र बसल्या. महामारीत जे जमलं ते एरवी एका प्रबंधासाठी का जमू नये?

दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधन पद्धतींचा ऑनलाइन कोर्स पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहेच, मग आणखी काय हवं? तो कोर्स चांगला आहे आणि सक्तीही योग्य आहे. त्यानं भाषा कळते. पण आपल्या प्रबंधातल्या आपल्या प्रश्नावर वाद घालायला समोर माणूस लागतो. दुसरा आक्षेप, सॉफ्टवेअर सगळं करतं आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. सॉफ्टवेअरला ६५ ओळी दिल्या की ते ६५ ओळींचंच उत्तर देणार. दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत, हे त्याला सांगणारा हवा. साधनं जितकी सोपी होतील तितकी चुकीची उत्तरं अधिक सुबक दिसतील, म्हणून या शिक्षणाची गरज उलट वाढली आहे.

खरा अडथळा आपली करार करायची सवय हा आहे. सामंजस्य करार भराभर होतात, नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलीत लागतात आणि तिथेच राहतात. तेव्हा करारात काय असलं पाहिजे, हे स्पष्ट सांगायला हवं. संयुक्त नेमणूक हवी: प्राध्यापकाचं पद संख्याशास्त्र विभागात, आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात, आणि ते दोन दिवस त्याच्या कार्यभारात पूर्ण धरलेले. आज निवासी डॉक्टरांना सल्ला देणं हे उपकार म्हणून होतं, आणि उपकारावर चालणारी व्यवस्था तो माणूस निवृत्त झाला की संपते. उलट दिशेनंही नेमणुका हव्यात. पीएसएमचा प्राध्यापक एमएस्सीच्या वर्गावर येऊन साथरोगशास्त्र शिकवेल आणि एमएस्सीचा प्रत्येक विद्यार्थी एक सत्र मेडिकल रेकॉर्ड विभागात आणि ओपीडीत घालवेल. रुग्णाची ओळख पुसलेला डेटा शिकण्यासाठी मिळण्याची पद्धत नैतिकता समितीकडून एकदाच ठरवून घ्यावी, म्हणजे दर वेळी नव्यानं परवानगीचा फेरा नको. आणि लेखकांच्या यादीत कुणाचं नाव कुठे येईल हे कामाच्या सुरुवातीला लिहून ठेवावं. संख्याशास्त्रज्ञाचे आभार शेवटच्या पानावर मानायचे, हा रिवाज मोडला नाही तर कुणीही हुशार तरुण इकडे वळणार नाही.

पदवीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा धडा घेता येईल. सगळ्या विद्यापीठांनी सगळं शिकवायचा अट्टहास कशाला? नमुना सर्वेक्षण आयआयपीएसनं शिकवावं, सैद्धांतिक पाया पुण्यानं, बाकीचे विषय कोल्हापूर, जळगाव, नागपूर यांनी वाटून घ्यावेत. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची सोय आहे. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे धरण्यासाठीच ती केलेली आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठानं आपल्या एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांसाठी यातलेच दोन-तीन विषय खुले केले, तर एकाच वर्गात निवासी डॉक्टर आणि एमएस्सीचा विद्यार्थी शेजारी बसतील. मला त्या वर्गाकडून फार अपेक्षा आहेत. पुढे तीस वर्षं एकमेकांना फोन करणारी माणसं तिथे तयार होतील.

पैसा लागेल, पण अफाट लागणार नाही. एका जोडीला दोन-तीन संयुक्त पदं, काही विद्यार्थिवृत्त्या आणि समन्वयासाठी एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. प्रयोगशाळा बांधायची नाही, यंत्रं आणायची नाहीत. अडचण आहे ती दोन खात्यांची. एक मंत्री उच्च शिक्षणाचे, दुसरे वैद्यकीय शिक्षणाचे, आणि संयुक्त पदाचा पगार कुणाच्या लेखाशीर्षातून जायचा यावर फाइल वर्षभर फिरू शकते. मात्र शिवाजी विद्यापीठ, गोंडवाना विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या सगळ्यांचे कुलपती एकच आहेत, राज्यपाल. त्यांच्या कार्यालयानं तिन्ही कुलगुरूंना आणि दोन्ही सचिवांना एका बैठकीला बोलावलं तर लेखाशीर्षाचा प्रश्न तिथेच सुटू शकतो. गडचिरोलीची पहिली पदव्युत्तर तुकडी सुरू होण्याआधी ती बैठक व्हायला हवी, कारण त्या तुकडीला पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस द्यायचा असेल.